भुसा जिथे फिरेल

१२ सप्टेंबर

लग्न होऊन केशोरीला आले त्या वर्षी रोज संध्याकाळी आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायचो. तुडूम उघडलेलं असायचं. तलावातून पाणी सोडायच्या दगडी तोंडाला इकडे तुडूम म्हणतात. पाणी खालच्या पाटात पडायचं आणि वळून बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या शेतांकडे, जायचं. हे पाण्याकडे पाहायचे, मीही पाण्याकडे पाहायचे. एखाद्या दिवशी हे म्हणायचे, "आज बोटभर कमी आहे." मी म्हणायचे, "हो." अंधार पडला की उठायचो. बाया हसायच्या, नवीन जोडपं बोलून काऊन नाही राहिलं म्हणून. मला मात्र घरी येताना वाटायचं, आज पुष्कळ बोलणं झालं.

आज मंजूला घेऊन त्याच जागी बसले होते म्हणून हे आठवलं. मंजू माझी नात, उमेंद्रची मुलगी, पाचवं लागेल. तिनेही पाण्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. हे गेल्यापासून इतकी चांगली सोबत मला मिळाली नव्हती.

परत आलो तर दारात नीतू रडत होती. नीतू माझी सून. गोंदियाच्या डॉक्टरांकडे मंजूच्या तपासण्या झाल्या होत्या, त्यांचा निकाल उमेंद्र घेऊन आला. ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात असं उमेंद्रने सांगितलं. मला तर शब्द छान वाटला. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये यासाठी दुपारी वेगळा तास असायचा.

मी नीतूला विचारलं, "यात रडण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली, "आई, ती नावाने हाक मारली तर पाहत नाही. डोळ्याला डोळा देत नाही. मुलांमध्ये खेळत नाही. वाट्या रांगेत लावून बसते." मी म्हटलं, यालाच वळण म्हणतात. वसतिगृहात सिस्टर बर्नाडेट आमच्या चपला अशाच रांगेत लावून घ्यायच्या, आणि मोठ्यांच्या डोळ्याला डोळा देणाऱ्या मुलीला उद्धट म्हणायच्या.

नीतू माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिला ती सवयच आहे, माणसाकडे पाहत राहण्याची. मी चहा ठेवायला आत गेले.

१६ सप्टेंबर

तलावाची पाळ झिरपू लागली. गाव गोळा झालं. हा तलाव आम्हा कोहळी जातीच्या लोकांच्या पूर्वजांनी बांधला, त्यामुळे पाळीला काही झालं की आमच्या घरातल्या पुरुषांना घरात मरण झाल्यासारखं होतं.

माझे भासरे देवचंदभाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष आहेत. ते लुंगी खोचून पाण्यात उतरले आणि पाळीच्या कडेकडेने भुसा टाकत गेले. जुनी रीत आहे ही. पाळीत भोक असलं की पाणी आत ओढलं जातं आणि वरचा भुसा तिथे गोल फिरू लागतो. फिरला. खाली खेकड्याचं बीळ निघालं. माती आणि तणस कोंबून बुजवलं. भाऊजी असे घरी आले जसे बाळ जन्माला घालून आले आहेत.

रात्री जेवताना ओसरीवरून त्यांचा आवाज आला, "भोकाबिगर पानी जात नाई. माणसाचंही तसंच आहे. त्या पोरीचंही कुठंतरी भोक असनच."

मी स्वयंपाकघरात होते. भासऱ्यांशी समोर जाऊन बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. धाकट्या भावाच्या बायकोने डोक्यावर पदर घ्यायचा, खाली पाहायचं आणि काही सांगायचं असेल तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. नव्या सुना या रीतीला कंटाळतात. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. एक माणूस तरी आहे ज्याच्या तोंडाकडे पाहून बोलावं लागत नाही.

१८ सप्टेंबर

पाळ दुसऱ्या जागी झिरपते आहे.

२२ सप्टेंबर

आज मंजूचं कारण शोधायला सभा झाली. भाऊजींना सभेशिवाय काही सुचत नाही. अध्यक्षांची खुर्ची, चहा, आणि इतिवृत्त लिहायला उमेंद्र. सभासद म्हणून कुंदाबाई, म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको, आणि गोंदियाहून खास आलेले त्यांचे जावईबापू भैय्यालाल. त्यांचं कपड्यांचं दुकान आहे, पण दुकानात गिऱ्हाईक कमी आणि मोबाइलवर व्हिडिओ जास्त. मी दाराआड बसले होते. नीतूला बोलावलं नव्हतं. भाऊजी म्हणाले, "जिची चौकशी आहे तिले समितीत कसं घेता येईल?" म्हणजे भुसा टाकायच्या आधीच भोक ठरलं होतं.

"आता आपापला भुसा टाका," भाऊजी म्हणाले.

कुंदाबाईंनी पहिला टाकला, ग्रहणाचा. "पोटात असताना गिरान लागलं होतं. तवा इनं वांगं चिरलं. मी माह्या डोऱ्यानं पाहिलं."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?" भाऊजींनी विचारलं.

"मले वांग्याची भाजी खायाची होती जी."

भैय्यालाल म्हणाले, "अरे ये सब छोडो. हा मोबाइल आहे. रेडिएशन सिधा दिमाग में जाता है. आणि ते लसीचे टीके. एक व्हिडिओ पाठवला होता मी ग्रुपवर, कोनी पाहिलाच नाही."

"तुमी दिवसाले चाळीस पाठवता, पाहाव तरी कोनता?" कुंदाबाई म्हणाल्या.

मग नीतूचं माहेर निघालं. नीतू पोवार समाजाची, बोदलकस्याजवळची. उमेंद्रने स्वतःच्या पसंतीने केली. म्हणून तिकडच्या तलावातले मासे निघाले. तिची पोवारी बोली निघाली. घरात झाडीबोली, आईची पोवारी, बाजारात हिंदी आणि आजीची कॉन्व्हेंटची इंग्रजी, एवढ्या भाषांत पोरीच्या डोक्याचा काला झाला, असं भाऊजींचं मत. नीतू शाळेत शिकवायला जाते, म्हणजे पोरीला आईची माया मिळत नाही, हेही निघालं. ज्याने जो भुसा टाकला तो फिरत फिरत नीतूपाशीच गेला. उमेंद्र मान खाली घालून लिहीत होता. त्याचा हा गुण ह्यांच्यावर गेला आहे. भांडण सुरू झालं की हेही तलावावर निघून जायचे. उमेंद्रला जायला तलाव नाही, म्हणून तो लिहितो.

खरं लिहायचं तर दाराआड बसून मलाही थोडं वाटलं, की नीतूचंच काही असेल. ती फार बोलते. घरात शिरताच बोलते, भांडी घासताना बोलते, कोणी ऐकत नसेल तर गाते. अशा गलक्यात एखादं शांत मूल आणखी शांत होणारच. पण मी कोणाच्या तोंडून तसं कळवलं नाही. तिच्या हातचं वरण अजून मला रोज सारखंच लागतं. ही साधी गोष्ट नाही.

२९ सप्टेंबर

भैय्यालालांनी उंटिणीच्या दुधाची पावडर पाठवली. मेंदूला चांगली असते म्हणे. केशोरीत कोणी उंट पाहिलेला नाही, पण अर्ध्या गावाने पावडर चाखून पाहिली. मंजूने वास घेऊन वाटी उलटी ठेवली. मीही तेच केलं.

९ ऑक्टोबर

आज गोंदियाला डॉक्टर इंद्रकुमारांकडे गेलो. नीतू, मंजू आणि मी. उमेंद्रला सुट्टी मिळाली नाही, निदान तो तसं म्हणाला. अर्जुनी मोरगावपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. गाडीत नीतूने सांगितलं की मंजूला आठवड्यातून बरेच दिवस थेरपीला आणावं लागेल, म्हणून गोंदियात खोली घ्यायचा तिचा विचार आहे. "पण आई, घरातून हो म्हटल्याशिवाय मी नेली तर सगळे म्हणतील, चूक होती म्हणून पळाली."

डॉक्टर तरुण आहेत, डोळ्यांखाली काळं. मी त्यांना स्पष्टच विचारलं, कारण काय ते सांगा, आमच्याकडे समिती नेमली आहे. ते हसले नाहीत. चांगलं वळण.

त्यांनी जे सांगितलं ते मी आठवून नीट लिहून ठेवते आहे. हे आजाराने आलेलं किंवा कोणी आणलेलं नाही. मेंदूची घडण वेगळी असते आणि ती बरीचशी जन्माआधीच सुरू होते. बाळ पोटात असताना मेंदूच्या पेशी आपापल्या जागी जाऊन बसतात. मग त्यांच्यात जोडण्या होतात, लागतील त्याहून कितीतरी जास्त. पुढे बिनकामाच्या जोडण्या गळत जातात, जसं आपण धानाचं रोप दाट झालं की विरळ करतो. काही मुलांत ही विरळणी वेगळ्या रीतीने होते असं संशोधक म्हणतात. कुठे जोडण्या दाट राहतात, कुठे लांबच्या दोन भागांचं एकमेकांशी जमत नाही. म्हणून आवाज, उजेड, कापडाचा स्पर्श हे सगळं एकदमच आत येतं, गाळून येत नाही. सगळं अजून कळलेलं नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मी म्हटलं, ते ठीक, पण कोणामुळे?

ते म्हणाले, यात वारशाचा वाटा मोठा असतो. पण एक जनुक नाही, शेकडो. प्रत्येकाचा थोडा थोडा हात. कधी एखादा बदल आईबापांत नसतो, मुलातच नव्याने होतो. बाकी जोखमीच्या गोष्टी म्हणजे आईबापांचं वय जास्त असणं, फार आधी झालेलं बाळंतपण, जन्माच्या वेळी खूप कमी वजन, गरोदरपणात घेतलेलं फिटचं एखादं औषध. "पण आजी, जोखीम म्हणजे कारण नाही. हे सगळं असूनही काही होत नाही, आणि यातलं काही नसूनही होतं." लसीने होत नाही, हे खूप मोठमोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा तपासून झालं आहे. ग्रहणाने नाही. मोबाइलने मेंदूची ही घडण होत नाही. दोन-तीन भाषांनी तर मुळीच नाही. आणि आईची माया कमी पडली म्हणून होतं, असं फार पूर्वी मोठे डॉक्टरही म्हणायचे. ते चूक होतं, आणि त्यापायी कित्येक आया उगीच जळल्या.

हे ऐकून नीतूने पर्समधून रुमाल काढला.

वारसा म्हटल्यावर मी लगेच नीतूच्या वडिलांचा विचार केला. ते जेवताना सुद्धा बोलतात. तिथूनच आलं असणार.

मग डॉक्टरांनी घरच्या माणसांबद्दल विचारलं. कोणी उशिरा बोलायला लागलं होतं का? मी म्हटलं, मीच चौथ्या वर्षी बोलले, आणि एकदम पूर्ण वाक्य बोलले. म्हणजे मंजूचीही काळजी करायचं कारण नाही. कोणाला आवाजाचा त्रास? मी म्हटलं, तो सगळ्यांनाच होतो. आमच्या घरी मिक्सर लावायच्या आधी सांगायची पद्धत आहे, आणि लग्नाकार्यात मी कानात कापूस घालते. कपड्यांच्या आतल्या पट्ट्या टोचतात का? मी म्हटलं, त्या कापूनच कपडे घालायचे असतात ना? कॉन्व्हेंटमध्ये कसं वाटायचं? ते मी अगदी मनापासून सांगितलं. पहाटे घंटा, मग प्रार्थना, मग घंटा, मग न्याहारी, रोज तीच. जेवताना बोलायला मनाई. कुठल्या वेळी काय करायचं हे घंटेने ठरलेलं. सुट्टीत घरी आले की मी रडायचे. आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. आणि मंजूचे आजोबा? त्यांच्याबद्दलही सांगितलं. तलावाच्या पाण्याच्या गोष्टी सांगितल्या.

डॉक्टर लिहायचे थांबून ऐकत होते. हल्लीच्या मुलांना जुन्या गोष्टी ऐकायला आवडत नाहीत, पण हा मुलगा वेगळा आहे. निघताना त्याने दारापर्यंत येऊन मला नमस्कार केला आणि म्हणाला, "मंजू नशीबवान आहे, आजी." मी म्हटलं, हो, तिच्या बापाला सांगा.

परतीच्या गाडीत नीतूने माझा हात हातात घेतला. मला कोणी असं धरलेलं चालत नाही. मी काही म्हणायच्या आत तिने हात सोडला आणि आपल्या पदराचं टोक माझ्या बोटांत दिलं. ते चाललं. अर्जुनी येईपर्यंत एका टोकाला मी होते आणि दुसऱ्या टोकाला मंजू.

१० ऑक्टोबर

डॉक्टरांचं म्हणणं मी कुंदाबाईंच्या तोंडून भाऊजींना कळवलं. कुंदाबाईंनी ते असं पोचवलं: "डॉक्टर म्हनते शेकडो कारनं आहेत, अन् त्यातलं एकही नसू शकते."

भाऊजी भडकले. "शेकडो? मंग ठराव कोनावर कराव? हे का डॉक्टर आहे! पाळ सगळीकडूनच झिरपते म्हनते का?"

पाळ सगळीकडूनच झिरपते आहे. काल तिसरी जागा सापडली. पण ते बोलायची कोणाची हिंमत नाही.

९ नोव्हेंबर

आज गावची मंडई. दिवाळीनंतरची जत्रा ही, पाहुणे, दुकानं, रात्री नाटक. दुपारपासून भोंगे चार बाजूंनी चार गाणी म्हणत होते. घरभर पाहुणे. भैय्यालाल मंजूला उचलून म्हणाले, "चल बेटा, झूला!" मंजूने अशी किंकाळी फोडली की ओसरीवरचे लोक चहा सोडून उभे राहिले. एक बाई म्हणाली, "नजर उतरवा." दुसरी म्हणाली, "दोन चापट्या द्या." नीतू गर्दीतून वाट काढत येत होती, पण मी जवळ होते. मी मंजूला घेऊन धानाच्या कोठीत गेले आणि दार लावलं.

मंडईच्या दिवशी मी दर वर्षी तिथेच असते. पोत्यांमुळे आवाज आत येत नाही, अंधार असतो, आणि नव्या धानाचा वास येतो. कापसाचा डबा मी तिथेच ठेवते. आधी मंजू पोत्याला डोकं लावून हलत राहिली. मग थांबली. मी डबा उघडून कापूस काढला तर तिने तो माझ्या हातून घेतला. नीट दोन भाग केले, बोटांनी वळले, आणि आधी माझ्या कानात घातले. मग स्वतःच्या.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आम्ही तिथे संध्याकाळपर्यंत बसलो. निवडायच्या तांदळाचं सूप मी आधीच तिथे आणून ठेवलं होतं. तिने त्यातले खडे एका ओळीत लावले, मोठ्यापासून लहानाकडे. एक खडा चुकला होता, तो मी बदलला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता, आणि तो मला चालला.

ही मुलगी घरात नसेल तर मी मंडईच्या दिवशी कोणाबरोबर बसायचं?

१६ नोव्हेंबर

उद्या सभा आहे, आणि ठराव आधीच तयार आहे. कुंदाबाईंनी येऊन सांगितलं. कारण: आई. उपाय: नीतूने मंजूला घेऊन माहेरी जावं आणि पोरगी नीट झाल्यावर परत यावं. भैय्यालाल कोणाच्या ओळखीने एका बाबाचं औषध बोदलकस्याला पाठवणार आहेत. गोंदियाची खोली, थेरपी, काही नाही.

उमेंद्रला विचारलं, "तू काय म्हणतोस?" तो म्हणाला, "माय, मोठ्या बाबांपुढे मी का बोलू?" भाऊजींना तो मोठे बाबा म्हणतो. मग तो अंगणातले विटांचे तुकडे एकावर एक रचत बसला. लहानपणीही असाच बसायचा.

नीतूने बॅग काढली आहे. आज ती दिवसभर काहीच बोलली नाही. घरात इतकी शांतता मला हवीशी वाटायला हवी होती. वाटली नाही.

१७ नोव्हेंबर

आज मी खोटं बोलले. सिस्टर बर्नाडेट वर असतील तर त्यांनी माफ करावं.

सभा भरली. उमेंद्र लिहायला बसला. भाऊजी ठराव वाचू लागले, "तरी सर्वानुमते असे ठरले की..." नीतू अंगणात बॅगेवर बसलेली, मंजू तिच्या पायाशी. मी दाराआडून उठले आणि ओसरीवर आले. पदर डोक्यावर होता, पण मी समोर उभी होते. माझ्या लग्नापासून असं झालं नव्हतं. कुंदाबाईंच्या हातून बशी पडली. त्या आवाजाने माझं डोकं फाटलं, तरी मी उभी राहिले. भाऊजींच्या तोंडाकडे पाहणं जमणार नव्हतं, म्हणून त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाकडे पाहिलं.

मी म्हटलं, "भाऊजी, भोक नीतूमध्ये नाही. माझ्यात आहे. डॉक्टरांनी वारसा सांगितला. तो माझ्याकडचा."

मला तर माझ्यात काहीच वेगळं दिसत नाही. पण खोटं बोलायचं तर पुरावा हवा, म्हणून जे हाताशी होतं ते सांगितलं. कानातला कापूस. मिक्सर. उशिरा बोलणं. कापलेल्या पट्ट्या. लग्नापासून रोज तीच न्याहारी आणि तीच थाळी. पाहुणे आले की कोठी. इतक्या साध्या गोष्टी मी अशा काही भरून सांगितल्या, की मलाच वाटलं, यावर कोण विश्वास ठेवेल? कोणीतरी म्हणेलच, "नाही हो सुशिलाबाई, तुमचं काय असं!" त्यावर काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

कोणी म्हटलं नाही.

कुंदाबाई बशीचे तुकडे उचलत म्हणाल्या, "हे तं आमाले तुमच्या वरातीपासून ठाऊक आहे. बँड वाजला अन् नवरी बैलगाडीखाली जाऊन बसली होती."

भैय्यालाल म्हणाले, "हां, हे तो सही है." त्यांच्याकडे एकही व्हिडिओ नव्हता.

आणि उमेंद्रने पेन खाली ठेवलं. त्या मुलाने सभेत पहिल्यांदा तोंड उघडलं. "मोठे बाबा, मी शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी मिक्सर सांगून लावतात. माय कधी कोणाला त्रास देते का? हिला कोणी नीट करायला गेलं का? मग मंजूलेच कायले? अन् बाबा पाण्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हते. मीही..." नीतू अंगणात उठून उभी राहिली होती.

मला थोडा राग आला. मी एक खोटं बोलावं आणि सगळ्या घराने त्यावर इतक्या चटकन माना डोलवाव्यात! पण काम होत होतं, म्हणून गप्प बसले.

भाऊजी विचारात पडले. "म्हंजे भोक सुनेत नाई, आपल्याच पाळीत आहे."

"तुमच्याच पाळीत," कुंदाबाई म्हणाल्या. आज त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं. "उमेंद्रचे बाबा केवलरामभाऊजी तुमचेच भाऊ ना जी? अन् तुमी सोता? थाळी बदलली तं जेवत नाई. खुर्ची कोनी सरकवली तं दिवसभर फुगता. कोनत्या सालात तलावाले किती पानी होतं ते रातच्याले झोपेत म्हनता."

"ते अध्यक्षाले ठेवाच लागते ध्यानात!"

"झोपेत?"

भाऊजींच्या सदऱ्याचं दुसरं बटण वरखाली होत होतं. त्यांनी हातातला कागद चारदा दुमडला, कडेला कड अगदी नीट जुळवून, आणि खिशात घातला. "कारन सापडलं. सुशिलाबाई. ठराव मंजूर. सून घरचीच आहे, गोंदियाले खोली कराव, पोरीचं जे डॉक्टर म्हनन ते कराव. सभा संपली." आणि चहा न घेता ते तलावावर निघून गेले.

उमेंद्रने बॅग आत आणून ठेवली.

३० नोव्हेंबर

उद्या आम्ही गोंदियाला जातो. उमेंद्रने खोली पाहिली, स्टेशनपासून लांब, मागच्या बाजूची. मी सांगितलंही नव्हतं. नीतूने मला विचारलं नाही की याल का. तिने सरळ माझी थाळी बांधून घेतली. शनिवारी-रविवारी उमेंद्र येईल. मंजू माझ्याशिवाय दुपारचं जेवत नाही आणि, आता लिहायला हरकत नाही, मीही तिच्याशिवाय जेवत नाही.

मागे सगळं सुरळीत राहावं म्हणून लिहून ठेवते. कुंदाबाईंनी कोणाकडून तरी वाचून घ्यावं.

मिक्सर कुंदाबाईंना. आता त्यांनी तो कधीही, कोणालाही न सांगता लावावा.

ह्यांची पाणी मापायची वेळूची काठी देवचंदभाऊजींना. ती पाळीच्या ज्या दगडापाशी हे रोवायचे तिथेच रोवावी. हे त्यांना सांगायची गरज नाही.

उंटिणीच्या दुधाची पावडर भैय्यालालांना परत.

ह्यांची घोंगडी उमेंद्रला. ती वासाच्या साबणाने धुवू नये. त्याला का ते कळेल.

सिस्टर बर्नाडेटनी निरोपाच्या दिवशी दिलेली पितळी घंटा नीतूला. खोलीवर जेवायची वेळ झाली की तिने ती हळूच एकदा वाजवावी. मग हाका मारायला नको, आम्ही येऊ. आणि तिने गात राहावं. मला त्याची सवय झाली आहे.

पाळीवरची आमची बसायची जागा कोणाला द्यायची नाही. सुट्टीत आम्हाला लागेल.

त्या ठरावात माझं नाव घातलं आहे ते खोटं आहे, हे कोणीतरी कधीतरी दुरुस्त करावं. घाई नाही.

धानाच्या कोठीतला कापसाचा डबा मात्र मी बरोबर नेते आहे. तो कोणी शोधू नये. आम्हा दोघींना लागतो.